कागद मागा

फेब्रुवारी 2024. रात्रीचे साडेआठ. आई भाकरी थापत होती आणि आमच्या अंगणात दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव तसं लहान. रात्री कुणाच्या दारात गाडी थांबली की चार घरांतले दिवे लागतात.

"मावशी, आज हप्ता घेतल्याशिवाय उठणार नाही," असं म्हणत तो पोरगा ओट्यावर बसला. वय माझ्याएवढंच. बसायच्या आधी त्याने बूट काढून बाजूला ठेवले, हे मला अजून आठवतं. त्याच्या मागोमाग आईच्या गटातल्या चार बायका आल्या. त्यातल्या दोघी आमच्या भावकीतल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळे फक्त बसून राहिले. "ताई, तुमच्यापायी आमचं पुढचं कर्ज अडतंय," एवढंच एक जण म्हणाली. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही. माझा फोन दोन दिवसांपासून बंद होता, कारण मीही एका ॲपचे पैसे थकवले होते. घरात दोन थकबाकीदार होते आणि त्यातला शिकलेला दाराआड लपून बसला होता.

हा लेख त्या रात्रीबद्दल आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदलून गोष्ट तीच राहते. तुमच्या गावातही ती झाली असेल. मला भांडायचंय ते आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेल्या एका समजुतीशी. हप्ता थकला म्हणजे माणसाने मान खाली घालायची, समोरचा म्हणेल ते ऐकायचं आणि प्रश्न विचारायचा नाही, ही ती समजूत. ही समजूत चुकीची आहे. धोकादायक तर आहेच. आणि ती फुकट जन्मलेली नाही. तिच्यावर कुणाचा तरी धंदा चालतो.

विनातारण म्हणजे काय

आईच्या कर्जाच्या कार्डावर 'विनातारण' असं छापलेलं आहे. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे त्याला दिलेलं मायक्रोफायनान्स कर्ज विनातारण असलं पाहिजे. सोनं नको, जमीन नको, घर नको.

पण तारणाशिवाय कुणी पैसे देत नाही. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की तारण होतंच. आईची गावातली पत होती. हळदीकुंकवाला जाता येणं, विहिरीवर मान वर करून उभं राहता येणं, भावकीत बोलायला तोंड असणं. कार्डावर न छापलेलं हे तारण त्या चार बायकांनी आमच्या अंगणात येऊन जप्त केलं. बिचाऱ्यांचा तरी काय दोष? गटातली एक थकली की बाकीच्यांनी भरायचं असं त्यांना सांगितलेलं. त्यांचेही हप्ते कसेबसे चाललेले.

आता नियम बघा. रिझर्व्ह बँकेच्या मार्च 2022 च्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्सची वसुली सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर करता येत नाही. वसुलीची जागा दोघांनी मिळून ठरवलेली असते. कर्जदार त्या जागी लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाही तरच घरी यायला परवानगी आहे. धमकी, शिवीगाळ, सारखे फोन, नातेवाईक-मित्रांना त्रास, थकबाकीदाराचं नाव जाहीर करणं, कर्ज आहे त्यापेक्षा मोठं सांगणं हे सगळं मना आहे. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जात असतील, तर पुढचं मायक्रोफायनान्स कर्ज देताच येत नाही.

म्हणजे रात्री साडेआठला आमच्या ओट्यावर नियम मोडून जो बसला होता तो आम्ही नव्हतो. तरी मान आमचीच खाली होती. आई सातवी शिकली आहे, तिला हे माहीत नसणार. मी डिप्लोमा केलाय, हातात दिवसभर फोन असतो, आणि मलाही माहीत नव्हतं. क्रिकेटचे नियम मला तोंडपाठ होते.

दीडशे वर्षांपूर्वी, याच मातीत

आमच्या पारनेर तालुक्यात एक सुपे आहे, जिथल्या एमआयडीसीत मी कंत्राटावर काम करतो. दुसरं सुपे पुणे जिल्ह्यात, बारामतीच्या बाजूला. 12 मे 1875 रोजी त्या दुसऱ्या सुप्यात बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. ते लोण नगर जिल्ह्यात आलं ते पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत तालुक्यांत. म्हणजे आमच्याच गावांत. शाळेत हा धडा दोन मार्कांचा होता, आणि त्यात आपल्या तालुक्याचं नाव आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

त्या शेतकऱ्यांना काय हवं होतं? सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने जे नोंदवलं ते वाचण्यासारखं आहे. जमावाला हवे होते कागद. कर्जरोखे, हुकूमनामे, खतावण्या. सावकाराने मुकाट्याने कागद दिले तिथे बहुतेक ठिकाणी कुणाला हात लागला नाही. दिले नाहीत तिथे दुकानं-घरं पेटली. माणसांवर हल्ले झाले ते मोजक्या ठिकाणी. हातात आलेले रोखे लोकांनी चव्हाट्यावर जाळले.

कागदावर एवढा राग का? कारण ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला माहीत नसायचं. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ते 1865 चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाचा भाव चढला आणि सावकारांनी मागेल त्याला पैसे दिले. युद्ध संपलं, भाव कोसळला, तेव्हाच सरकारने शेतसारा वाढवला. मग सावकारांनी हात आखडला आणि वसुली सुरू केली.

यात एक भानगड अशी की कर्जदाराच्या भल्यासाठी केलेला कायदा त्याच्याच गळ्याला लागला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने ठरवलं की रोखा तीन वर्षंच चालेल, म्हणजे व्याज अनंत काळ चढत राहू नये. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेतला. जुनं मुद्दल अधिक साठलेलं व्याज हे झालं नवं मुद्दल. त्यावर पुन्हा व्याज.

ही पद्धत तुम्हाला ओळखीची वाटत नाही? आमच्याकडे तिला आजही 'नवं-जुनं' म्हणतात. मार्च आला की सोसायटीचं नवं-जुनं. पतसंस्थेत नवं-जुनं. फायनान्सवाला त्याला 'टॉप-अप' म्हणतो, ॲपवाला 'रोलओव्हर'. जुनं कर्ज कागदावर फिटतं, नवं मोठं कर्ज उभं राहतं, हातात चार पैसे येतात किंवा येतही नाहीत, आणि घरात सगळे म्हणतात, "चला, यंदाचं भागलं." 1859 चा सावकार हेच करत होता. त्याच्याकडे फक्त ओटीपी नव्हता.

दंग्यांनंतर दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजाराच्या आसपास लोकांना अटक झाली, त्यातल्या निम्म्याहून अधिकांना शिक्षा झाली. पण गोष्ट तिथे संपली नाही. 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासायचा अधिकार दिला. मूळ किती दिले, व्याज किती चढवलं, आतापर्यंत किती फेडलं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. आणि फेडलेल्या पैशांची पावती, हिशेबाचा उतारा, पासबुक मागायचा हक्क मिळाला.

हा कायदा पुरा पडला असं कुणी म्हणत नाही. सावकारांनी पळवाटा शोधल्या, जमिनी गहाण लिहून घेण्याऐवजी थेट खरेदीखतं करून घेतली. पण तुमच्या-माझ्या पणजोबांच्या पिढीने तुरुंगात जाऊन मिळवलेली वस्तू काय होती? पावती. आणि आज आपण पावती न मागता यूपीआयने कुणाच्या तरी खासगी नंबरवर हप्ता टाकतो आणि स्क्रीनशॉटसुद्धा ठेवत नाही.

अजून एक. 1875 ची गोष्ट सांगताना काही जण ती परक्या जातीच्या, परप्रांतातल्या सावकाराविरुद्धची गोष्ट करून टाकतात. ज्यांना ते सोयीचं आहे त्यांना सांगतो, आज माझ्या गावात शेकडा पाचने पैसे फिरवणारा आमच्याच आडनावाचा आहे, गळ्यात माळ घालतो आणि सप्ताहाला वर्गणी देतो.

'ऐपत नव्हती तर घेतलं कशाला?'

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. मामाकडून, मित्रांकडून, फेसबुकवरच्या शहाण्यांकडून. त्याला उत्तर देतो.

आम्ही कर्ज घेतलं तेव्हा ऐपत होती. दोन गाई होत्या, दोन एकर लाल कांदा होता, माझा पगार चालू होता. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी उठली मे 2024 मध्ये. आमचा कांदा नेमका या दोन तारखांच्या मध्ये निघाला. त्याच हिवाळ्यात डेअरीवर दुधाला लिटरमागे पंचवीस-सत्तावीस रुपये मिळत होते. सरकारने पाच रुपये अनुदान जाहीर केलं, ते मिळेपर्यंत पेंडीचं बिल थांबलं नाही. जानेवारीत माझं कंत्राट संपलं. यातला कोणता निर्णय माझ्या आईने घेतला होता?

उधळपट्टी करणारे लोक असतात, मी त्यांना ओळखतो. लग्नात कर्ज काढून डीजे लावणारे, दुसऱ्याच्या नावावर आयफोन घेणारे. मीही साधू नाही. माझं ॲपचं आठ हजारांचं कर्ज मित्राच्या हळदीला कपडे घेण्यापासून सुरू झालं. आठ हजार मंजूर झाले, हातात पाच हजार दोनशे आले, आणि आठवड्याने आठ हजार परत मागितले. मूर्खपणा माझा. पण माझ्या मूर्खपणाची शिक्षा म्हणून माझ्या आत्याला आणि शाळेतल्या सरांना 'हा मुलगा चोर आहे' असे मेसेज पाठवायचा अधिकार कुणाला मिळतो? रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपला तुमच्या फोनमधली नावं-नंबर, फोटो, कॉलची यादी बघायची मनाई आहे. जे ॲप ते मागतं ते नियमांच्या बाहेरचं आहे, एवढं त्या एकाच गोष्टीवरून ओळखावं.

आणि ऐपतीचा प्रश्न मोठ्यांना का विचारला जात नाही? कंपनीला कर्ज फेडता आलं नाही तर तिच्यासाठी 2016 चा दिवाळखोरी कायदा आहे. कंपनीचं प्रकरण त्यात दाखल झालं की वसुली थांबते, सगळे देणेकरी एका टेबलाशी बसतात, हिशेब होतो, आणि बँका आपल्या येण्यातला मोठा हिस्सा सोडून देतात. त्या सोडण्याला 'हेअरकट' असं छान नाव आहे. व्यापारात जोखीम असते, म्हणतात. कंपनी अपयशी ठरली, म्हणतात. कंपनीच्या अंगणात रात्री साडेआठला कुणी बसत नाही. त्याच कायद्यात साध्या माणसाच्या दिवाळखोरीचा भागही लिहिलेला आहे, पण कंपन्यांचे जामीनदार सोडले तर तो अजून लागू केलेला नाही. साध्या माणसासाठी 1920 चा इंग्रजांचा कायदा आहे, जो गावात कुणी वापरल्याचं मी ऐकलेलं नाही.

आमच्याच जिल्ह्यात बघा. 1910 साली सुरू झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला. पुरेसं भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, हे कारण दिलं. पाच लाखांवरच्या ठेवी असलेले म्हातारे-कोतारे बँकेच्या दारात उभे राहिले. शंभर वर्षांची बँक दोन-दोन हजारांच्या हप्त्यांमुळे बुडते का, याचा विचार ज्याने-त्याने करावा.

कर्जमाफीचं काय, असं कुणी विचारेल. 1 जून 2017 चा शेतकरी संप याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून सुरू झाला, त्याचा मला अभिमान आहे. त्यानंतर 2017 ची दीड लाखापर्यंतची आणि 2019 ची दोन लाखांपर्यंतची माफी आली. पण ती होती बँक आणि सोसायटीच्या शेतीकर्जाला. आईचा बचत गट, पतसंस्था, सावकार, ॲप, मोबाईलचा हप्ता यातलं काहीही माफीत बसत नाही. ज्यांच्या दारात रात्री गाड्या थांबतात त्यांचं कर्ज बहुतेक या दुसऱ्या प्रकारचं असतं. माफीची वाट बघत हातावर हात धरून बसणं हा आमच्याकडचा एक मोठा रोग आहे, आणि पुढारी तो जोपासतात.

मग करायचं काय

त्या रात्रीनंतर मी फोन चालू केला आणि पहिल्यांदा तो उपयोगी कामाला वापरला. जे शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे वही. घरातलं प्रत्येक देणं एका पानावर लिहा. कुणाचं, मूळ किती घेतलं, आतापर्यंत किती दिलं, व्याज किती, कुणाच्या नावावर, तारण काय, जामीन कोण. आमच्या घरात ही यादी करताना कळलं की बापाने एकाकडून घेतलेले तीस हजार आईला माहीत नव्हते आणि माझं ॲप दोघांनाही माहीत नव्हतं. तीन माणसं एका घरात राहून एकमेकांपासून कर्ज लपवत होती. सावकाराला यापेक्षा काय हवं?

दुसरं, क्रम लावा. जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं, हा आपला क्रम असतो. तो उलटा करा. आधी घरातलं खाणं, औषध, शाळा. मग ज्याच्यापायी हातातलं साधन जाईल ते कर्ज: ट्रॅक्टर, रिक्षा, दुकान. विजेचं बिल थकलं असेल तर वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे 2003 च्या वीज कायद्यात आहे. त्या पंधरा दिवसांत कार्यालयात जाऊन हप्ते पाडून मागा. विनातारण ॲप आणि फायनान्स सर्वांत शेवटी, फोन त्यांचेच सर्वांत जास्त येत असले तरी. आणि एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घेणं त्याच दिवशी बंद.

तिसरं, लपू नका, लिहा. हप्ता थकायच्या आधी अर्ज द्या. उत्पन्न किती, खर्च किती, महिन्याला किती जमेल, मुदत वाढवून द्या. पोच घ्या, नाहीतर ईमेल करा. "भरतो साहेब, सोमवारी नक्की" असं खोटं बोलू नका. त्या सोमवारी तुमचा शब्दही जातो. जमेल तेवढाच आकडा सांगा आणि तो पाळा. आईच्या कंपनीला मी असा अर्ज दिला, सोबत रात्रीच्या भेटीची तारीख-वेळ लिहिली आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा उल्लेख केला. चौथ्या दिवशी शाखेतून फोन आला. भाषा एकदम 'मॅडम'वर आली होती. मुदत वाढवून मिळाली, हप्ता कमी झाला. व्याज थोडं जास्त गेलं, हे खरं. पण रात्री कुणी आलं नाही.

कंपनी किंवा बँक तीस दिवसांत उत्तर देत नसेल, किंवा उत्तर पटत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीचा नंबर 14448. ॲपवाला धमक्या देत असेल, फोटो फिरवत असेल तर 1930.

चौथं, पतसंस्था. तिथला मार्ग वेगळा आहे. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेतात. पण त्याआधी तुम्हाला नोटीस येते आणि म्हणणं मांडायची संधी असते. आमच्याकडे लोक करतात काय, तर पोस्टमन दिसला की मागच्या दाराने निघून जातात. नोटीस घेतली नाही की ती आलीच नाही असं त्यांना वाटतं. तारखेला कुणी हजर नसतं, आणि पतसंस्थेने लिहिलेला आकडा जसाच्या तसा मंजूर होतो. नोटीस घ्या. तारखेला जा. खातेउतारा मागा. एकरकमी तडजोड होते का विचारा. आणि तडजोड झाली तर 'येणे बाकी नाही' असा दाखला घेतल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.

पाचवं, गावातला सावकार. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालाही त्या वर्षी ठरवून दिलेले दर म्हणजे शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के आणि तारणाशिवाय 12 टक्के. इतरांना 15 आणि 18. आता गावाच्या भाषेत मांडा. वर्षाला 12 म्हणजे शेकडा एक. पाटलाच्या पारावर चालतो तो शेकडा पाच, म्हणजे वर्षाला साठ. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर याच कायद्याच्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते आणि जमीन परत मिळू शकते. नगरच्या त्या कार्यालयात जायला एसटीचं तिकीट लागतं, हिंमतही लागते, मान्य. एकट्याने जाऊ नका.

आणि कोरा चेक कुणालाही देऊ नका. कर्ज न फिटणं हा दिवाणी मामला आहे, त्यापायी पोलीस उचलून नेत नाहीत. पण चेक वटला नाही तर तो फौजदारी गुन्हा होतो. म्हणूनच ते चेक मागतात. तशी नोटीस आली तर पैसे द्यायला पंधरा दिवस असतात, त्याच दिवशी वकील गाठा. वसुलीवाला भांडी-कुंडी उचलायची भाषा करत असेल तर त्याला सांगा की जप्ती कोर्टाच्या हुकमाने होते, आणि कोर्टालासुद्धा स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल जप्त करता येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60. बँकांचा सरफेसी कायदासुद्धा शेतजमिनीला लागू नाही.

'म्हणजे बुडवायला शिकवतोस?'

हा लेख लिहितोय म्हटल्यावर माझ्या एका मित्राने विचारलं. तो स्वतः वसुलीत काम करतो. त्याचा प्रश्न रास्त आहे. पतसंस्थेतले पैसे शेजारच्या म्हाताऱ्याची ठेव असतात. आईच्या गटातल्या ज्या बायका अंगणात आल्या त्यांनी एकदा तिचा हप्ता खिशातून भरला होता. घेतलेलं परत द्यायचं, यात मला शंका नाही. आम्ही कंपनीचं सगळं कर्ज फेडलं, पुढच्या दिवाळीपर्यंत. ॲपवाल्याला हातात आले तेवढे पाच हजार दोनशे देऊन तक्रार केली आणि वर एक रुपया दिला नाही.

पण फेडायला माणूस उभा राहिला पाहिजे. गाय विकायला लावून, पोरीची शाळा सोडायला लावून, बाईला गावात तोंड दाखवणं अशक्य करून या महिन्याचा हप्ता मिळतो. पुढचे अकरा हप्ते कुठून येणार? भीतीने दिलेला हप्ता बहुतेक वेळा दुसऱ्या सावकाराचा पैसा असतो. हे माझ्या वसुलीवाल्या मित्रालाही माहीत आहे. तो म्हणाला, "मला महिन्याचं टार्गेट असतं रे, वर्षाचं नाही." त्याचाही बाईकचा हप्ता आहे.

आपल्या भागात या ओझ्याखाली माणसं जीव देतात. रक्कम काढून बघा. बरेचदा ती एका जुन्या ट्रॅक्टरच्याही किमतीची नसते. माणूस कर्जाने मरत नाही, उद्या सकाळी पाराजवळून जावं लागेल या विचाराने मरतो. तुमच्या घरात कुणी गप्प झालं असेल, जेवण कमी झालं असेल, फोन उचलत नसेल, तर आज रात्रीच शेजारी बसा आणि वही काढा. बोलायला कुणी नसेल तर 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. कोणत्याही कर्जाला मुदतवाढ मागता येते.

मी त्या रात्री दाराआड उभा होतो, याची लाज मला अजून वाटते. थकलेल्या हप्त्याची वाटत नाही. ही दोन वेगळी दुःखं आहेत हे समजायला मला वर्ष लागलं.

आई अजून गटात आहे. मागच्या महिन्यात बैठकीला नवा पोरगा आला होता, हप्ते गोळा करून लगेच निघाला. आई म्हणाली, "बाळा, कार्डावर सही कर आणि मशीनची पावती दे. मग जा." तो म्हणाला, "मावशी, उशीर होतोय." आई म्हणाली, "आमाला नाही होत." मग बाकीच्या नऊ जणींनीही कार्डं पुढे केली.